‘डोळे’ या शब्दात ‘डोळा’ धरावा काय?

बुधवारी सकाळी बायकोच्या हातून चहाचा कप सुटला, तेव्हा कुठे पोटनियमांना कळलं की आपल्या चेहऱ्यात काहीतरी बिघाड आहे. काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं. बायकोने उत्तर न देता बेसिनवरचा आरसा खिळ्यावरून काढून आणला आणि त्यांच्यापुढे धरला. उजव्या डोळ्याचा पांढरा भाग पांढरा राहिलाच नव्हता. नाकाकडच्या कोपऱ्यापासून थेट बुबुळापर्यंत लाल शाई सांडल्यासारखा तो लालभडक झाला होता. दुखत नव्हता, खुपत नव्हता, पाणी येत नव्हतं. दिसतही अगदी स्वच्छ होतं. आरशाच्या कडेचा साबणाचा डाग पुसलेला नाही हेसुद्धा त्यांना दिसलं, आणि अशा वेळीही ते त्यांनी बोलून दाखवलं.

पोटनियम हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात ते हेडक्लार्क होते, आणि समोर कुठलंही काम आलं की, “नियम ठीक आहे, पण पोटनियम काय म्हणतो?” असं विचारल्याशिवाय त्यांचं पेन उघडत नसे. कार्यालयाने ते नाव त्यांच्या पाठीमागे ठेवलं, ते फिरत फिरत घरापर्यंत आलं, आणि बायकोला ते इतकं पटलं की भाजी आणायला पाठवतानाही ती त्यांना पोटनियमासकट पाठवू लागली.

इतर कुठल्याही बुधवारी डोळा लाल झाला असता तर पोटनियमांनी मनाला लावून घेतलं नसतं. पण येत्या रविवारी मुलगी येणार होती, आणि तिच्याबरोबर सव्वादोन महिन्यांची नात. नात जन्मली तेव्हा बायको मुलीकडे जाऊन दीड महिना राहून आली होती. पोटनियमांची मात्र कार्यालयात वर्षअखेर होती. वर्षअखेर आपल्याशिवाय होणार नाही असं त्यांचं मत होतं, आणि वर्षअखेरीने ते कधी खोडून काढलं नव्हतं. त्यामुळे नातीला त्यांनी आजवर फक्त फोनवर पाहिलं होतं. फोनवर ती एक तर झोपलेली असे, नाहीतर मुलगी बोलण्याच्या नादात फोन तिरका धरी आणि पोटनियमांना दहा मिनिटं छताचा पंखा दिसे. नातीपेक्षा त्या पंख्याशीच त्यांची जास्त ओळख झाली होती. आता ती आठ दिवस राहून पुढच्या रविवारी परत जाणार होती, आणि मग पुन्हा कधी येईल ते जावयाच्या नोकरीवर अवलंबून होतं.

डोळ्याचं मूळ खरं म्हणजे या येण्यातच होतं. माळ्यावर मुलीच्या लहानपणचा लाकडी पाळणा पडला होता. सुताराला बोलवा आणि दोघं मिळून उतरवा, असं बायको आठवडाभर सांगत होती. पोटनियमांनी मंगळवारी संध्याकाळी तो एकट्याने उतरवला. पाळण्याबरोबर पंचवीस वर्षांची धूळही उतरली आणि त्यांना शिंका सुरू झाल्या. बायकोने चौदापर्यंत मोजल्या आणि मग मोजायचं सोडून दिलं. शिंकांचा आणि डोळ्याचा काही संबंध असेल, हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तळमजल्यावरच्या कंपाउंडरांच्या डोक्यात भलतंच आलं. ते एका दवाखान्यात पस्तीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधून निवृत्त झाले होते, आणि पुड्या बांधता बांधता आपल्यालाही डॉक्टरकी आली अशी त्यांची आणि इमारतीतल्या बहुतेकांची समजूत होती. ते जिन्यातच भेटले. पोटनियमांची हनुवटी त्यांनी दोन बोटांनी वर केली, मान एकदा डावीकडे नि एकदा उजवीकडे वळवली, आणि निकाल दिला.

“डोळे आलेत.”

एकच आलाय, असं पोटनियमांनी नम्रपणे निदर्शनाला आणलं. कंपाउंडर हसले. डोळे जोडीनेच येतात, म्हणाले. एक पुढे येतो, दुसरा मागून येतो. घरात जाऊन त्यांनी फ्रीजमधून एक ड्रॉपरची बाटली आणली. तिच्यावरचं लेबल हाताळून हाताळून गुळगुळीत झालं होतं. परवापर्यंत सुनेच्या डोळ्यांत हेच घालत होतो, कालपासून ती एकदम ठणठणीत आहे, अशी त्या बाटलीची शिफारस होती. जिन्याच्या पायरीवर बसवून त्यांनी पोटनियमांच्या दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब घातले. डाव्यात कशाला, असं विचारल्यावर ‘आगाऊ’ एवढंच म्हणाले. आगाऊ हा शब्द पोटनियमांच्या कामातला होता, त्यामुळे त्यांना लगेच पटला.

दुपारपर्यंत बातमी गच्चीवर पोचली. तिथे कुंड्यांतून गुलाब लावणाऱ्या बाई राहत. त्या घरी केलेलं गुलाबपाणी खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत घेऊन आल्या. त्याला अजून खोकल्याच्या औषधाचा वास होता. बायकोला कुणीतरी फोनवर मध सांगितला. पोटनियमांच्या मेहुण्याने चहाच्या गार चोथ्याची पट्टी सांगितली आणि ती मात्र बरी वाटली, म्हणून दोनदा केली. मध घातल्यावर ते पलंगाभोवती फिरत होते आणि बायको टॉवेल घेऊन मागोमाग फिरत होती. पण इतक्या गडबडीतही त्यांनी कर्तव्यात कसूर केली नाही. एका कागदावर रकाने आखून दिनांक, वेळ, कुठला डोळा, काय घातलं, कुणी सांगितलं आणि परिणाम, अशी रीतसर नोंद ठेवली. मधापुढे परिणामाच्या रकान्यात त्यांनी ‘आग’ असं लिहिलं.

गुरुवारी काळा चष्मा लावून ते कार्यालयात गेले. आपण नेहमीसारखे आत शिरू आणि कुणाला काही कळणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. ज्या माणसाने तीस वर्षांत कधी चष्म्याची चौकटसुद्धा बदलली नव्हती, तो काळा चष्मा लावून दारातून आला आणि खुर्चीऐवजी कचऱ्याच्या डब्यावर बसायला गेला, तेव्हा सगळ्या खोलीने माना वर केल्या. आवकजावकच्या टेबलावर बसणाऱ्या बाई शांतपणे उठल्या, कपाट उघडलं आणि एक फाइल काढली.

फाइलमध्ये मागच्या वर्षीचं परिपत्रक होतं. ते खुद्द पोटनियमांनी लिहिलं होतं. तेव्हा शहरात डोळ्यांची साथ होती आणि त्यांनी मोठ्या हौसेने मसुदा केला होता: ‘ज्या कर्मचाऱ्यांचे डोळे आले आहेत, अशा कर्मचाऱ्यांनी आपले आलेले डोळे पूर्णपणे जाईपर्यंत कार्यालयात येऊ नये.’ कार्यालय आठवडाभर हसत होतं. यात हसण्यासारखं काय आहे, हे पोटनियमांना तिसऱ्या दिवशी बायकोने समजावून सांगितलं. मग ‘जाईपर्यंत’ऐवजी ‘बरे होईपर्यंत’ असं वाचावं, असं शुद्धिपत्रक निघालं. पण मूळ परिपत्रक लोकांना पाठ झालं होतं, शुद्धिपत्रक कुणालाच नाही.

आवकजावक बाईंनी परिपत्रक टेबलावर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि तेच पोटनियमांना जास्त लागलं. कारण मागच्या वर्षी याच परिपत्रकाने त्यांनी बाईंना सात दिवस घरी बसवलं होतं. झाडांना मोहोर आला की दर वर्षी माझे दोन्ही डोळे खाजतात आणि लाल होतात, ही साथ नव्हे, असं त्या परोपरीने सांगत होत्या. पोटनियमांनी ऐकून घेतलं होतं आणि सही केली होती. आईच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवलेली बाईंची सात दिवसांची रजा त्यात गेली होती.

आता पोटनियमांपुढे दोनच वाटा होत्या. मुकाट्याने घरी जायचं, किंवा मुद्दा काढायचा. त्यांनी मुद्दा काढला. परिपत्रकात ‘डोळे’ असा शब्द आहे, म्हणजे अनेकवचन आहे. आपला डोळा एक आहे. सबब हे परिपत्रक आपल्याला लागू होत नाही. मुद्दा बिनतोड होता, आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या माणसांना तो तसाच सोडून देणं जमण्यासारखं नव्हतं. बाईंनी नवा कागद घेतला आणि वरच्या कार्यालयाला मार्गदर्शन मागवलं: ‘डोळे’ या शब्दात ‘डोळा’ धरावा काय? मार्गदर्शन येईपर्यंत हेडक्लार्कसाहेबांनी डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला आणावा, असंही त्यांनी खाली लिहिलं. कागद पोटनियमांच्याच सहीने जायचा होता. त्यांनी सही केली, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि चष्मा सावरत घरी आले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बायकोने आधीच सगळं सांगून टाकलं होतं. मुलगी रागावली नाही, पण तिचा आवाज जपून बोलणाऱ्या माणसासारखा झाला. “बाबा, तुम्हाला वाईट वाटेल, पण डोळे आले असतील तर मी तिला तुमच्याजवळ देणार नाही. ती फार लहान आहे.” पोटनियम म्हणाले की बरोबरच आहे, नियमच आहे तो. फोन ठेवल्यावर ते पाळण्याच्या कड्यांना तेल घालत बसले. कड्या आधीच तेलकट होत्या.

शुक्रवारी ते डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. सकाळपासून त्यांचा डावा डोळा चिकटत होता; उघडायला ओल्या फडक्याने पुसावा लागला होता. पण डावा डोळा किंचित गुलाबी दिसत होता आणि उजवा भयंकर, त्यामुळे सगळी काळजी उजव्याच्याच वाट्याला आली. डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. दुखतं का, उजेड सहन होत नाही का, दिसायला कमी झालंय का, असं त्यांनी विचारलं. तिन्हींना ‘नाही’ म्हटल्यावर त्यांना जरा हायसं वाटलेलं दिसलं. यातलं एक जरी असतं तर तुम्ही बुधवारीच इथे असायला हवं होतं, म्हणाल्या. मग डोळ्यांत काय काय घातलं ते त्यांनी विचारलं. पोटनियमांनी खिशातून नोंदींचा कागद काढला.

डॉक्टरबाईंनी तो वाचला. पहिल्या ओळीपाशी त्या थांबल्या, मधापाशी पुन्हा थांबल्या, आणि शेवटी त्यांनी कागद नीट घडी करून आपल्या टेबलावरच्या काचेखाली सरकवला. “हा माझ्याकडे राहू दे,” म्हणाल्या. “शिकायला येतात त्यांना दाखवीन.”

पोटनियमांना वाटलं, आपल्या नोंदीची कुणीतरी कदर केली.

तपासणी झाल्यावर डॉक्टरबाईंनी जे सांगितलं, ते ऐकून पोटनियमांना हसावं की रडावं कळेना. उजवा डोळा, ज्याला पाहून कप फुटला, इमारत हलली आणि फाइल उघडली, त्याला काहीही झालेलं नव्हतं. जोरात शिंकल्याने नाहीतर जड उचलल्याने वरची एक बारीकशी रक्तवाहिनी फुटली होती. दोन आठवड्यांत लाली आपोआप जाईल. औषध नाही, पथ्य नाही, कुणाला लागत नाही. एकदा रक्तदाब तेवढा बघून घ्या, म्हणाल्या, आणि तिथेच बघितलाही. तो ठीक होता. मग त्यांनी डाव्या डोळ्याकडे बोट केलं.

“हा आलाय. आणि तो त्या बाटलीतून आलाय.”

सुनेच्या डोळ्याला टेकलेला ड्रॉपर पोटनियमांच्या डोळ्याला टेकला होता. लेबल गेलेल्या त्या बाटलीत काय होतं, कुणास ठाऊक. काही थेंब असे असतात की चुकीच्या डोळ्यात पडले तर नजरेवर बेततं, थोडक्यात निभावलं समजा, असं त्यांनी सुनावलं. नवे थेंब लिहून दिले. टॉवेल वेगळा, उशी वेगळी, डोळ्याला हात लावायचा नाही, लागला तर साबणाने धुवायचा, उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून चिकटा पुसायचा आणि कापूस टाकून द्यायचा. उजवाही एक-दोन दिवसांत चिकटेल, त्यातही हेच थेंब. दुखायला लागलं किंवा अंधूक झालं तर त्याच क्षणी यायचं. आणि पाणी, चिकटा पूर्ण थांबेपर्यंत बाळाजवळ जायचं नाही.

किती दिवस, असं पोटनियमांनी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कुणाचे पाच दिवसांत जातात, कुणाचे दहा. पुढच्या शनिवारी दाखवा.

ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. दर वर्षी मोहोराच्या दिवसांत दोन्ही डोळे लाल होऊन खाजत असतील तर तो काय प्रकार, असं त्यांनी विचारलं. ती ॲलर्जी, म्हणाल्या डॉक्टरबाई. खाज ही तिची खूण, आणि ती एकाची दुसऱ्याला होत नाही. पोटनियमांनी आभार मानले, तेही इतक्या हळू की डॉक्टरबाईंनी रक्तदाब पुन्हा बघू का, म्हणून विचारलं.

शनिवारी उजवा डोळाही चिकटला आणि अनेकवचन पूर्ण झालं. त्याच दिवशी वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं: ‘डोळे या शब्दात डोळा समाविष्ट समजावा.’ आवकजावक बाईंनी ते फोनवर वाचून दाखवलं. पोटनियमांनी ते ऐकून घेतलं, आणि मग जे त्यांना तीस वर्षांत कुठल्याही फाइलवर लिहायला जमलं नव्हतं ते बोलले. “बाई, मागच्या वर्षी तुम्ही खरं सांगत होतात. माझी चूक झाली. तुमच्या सात दिवसांची टिप्पणी मी लिहितोय, रजा परत जमा होईल.” मग बाई म्हणाल्या, “आधी डोळे बरे होऊ द्यात, साहेब. तुम्ही आत्ता लिहिलंत तर ऱ्हस्व-दीर्घ चुकतील.” पोटनियमांना हे फार बरं वाटलं.

रविवारी मुलगी आली. पोटनियम तेव्हा शिवणयंत्राच्या खोलीत होते. त्या खोलीला बाल्कनीत उघडणारं काचेचं दार होतं, आणि दुसरं घरात उघडणारं. घराकडच्या दारावर बायकोने नियम लावले. मसुदा अर्थातच त्यांचा होता, सही तिची. ताट दाराशी ठेवायचं. कप ओळखू यावा म्हणून त्याच्या कानाला दोरा बांधायचा. आतल्या इसमाने विनाकारण हाका मारू नयेत, हे शेवटचं कलम बायकोने स्वतःच्या हाताने वाढवलं होतं.

आतला इसम हाका मारतच होता. ती उठली का, ती प्यायली का, ही कसली उचकी, पाळणा करकरतो का. मुलगी दिवसातून चारदा बाल्कनीतून नातीला घेऊन काचेपाशी येई आणि वेताच्या खुर्चीत बसे. पोटनियम आतून खुर्ची काचेला लावून बसत. लाल डोळा बघून ती घाबरेल म्हणून काळा चष्मा लावत, आणि काळ्या चष्म्यातून त्यांना नात सावळी दिसे. ते काचेवर टिचक्या मारत, तोंडाने आवाज करत. कार्यालयातल्या कुणी पाहिलं असतं तर पुन्हा सहीला कागद आणला नसता. नात मात्र काचेतल्या उजेडाकडे बघे, कुंडीकडे बघे, आणि आईच्या कानातल्याकडे तर तासन्‌तास बघे. काळ्या चष्म्याचा माणूस तिच्या दृष्टीने दारच होता.

“ती माझ्याकडे बघतच नाही,” असं त्यांनी बुधवारी बायकोला दारातून सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती, नुसतं वाईट वाटणं होतं. बायको म्हणाली, बघेल हो, अजून तिला आपले हातसुद्धा आपले वाटत नाहीत. आणि दोरा बांधलेल्या कपातून तिने त्यांना अवेळी चहा दिला.

मधल्या काळात कंपाउंडर दोनदा चौकशीला येऊन गेले. बाटलीचं कळल्यावर ते खजील झाले होते. पस्तीस वर्षांत असं झालं नाही, असं म्हणत पायरीवर बसून राहिले होते. शेवटी पोटनियमांनीच आतून त्यांची समजूत काढली. गुरुवारी चिकटा थांबला. शुक्रवारी पाणी थांबलं. शुक्रवारचा अख्खा दिवस पोटनियमांनी डोळ्यांना हात लागू नये म्हणून हातात वर्तमानपत्र धरून काढला आणि त्यातला एक शब्दही वाचला नाही.

शनिवारी डॉक्टरबाईंनी तपासलं आणि मान डोलावली. पोटनियमांनी दाखला मागितला. कशाला हवा, असं त्यांनी विचारलं. उजव्या डोळ्याकडे बघा, म्हणाले ते. लाली आता पिवळट कडांची झाली होती आणि आधीपेक्षाही वाईट दिसत होती. हे घेऊन बाळासमोर गेलो तर कुणीही अडवेल. डॉक्टरबाईंनी लिहून दिलं: संसर्ग संपला आहे, उजव्या डोळ्याची लाली निरुपद्रवी आहे, बाळाला घेण्यास हरकत नाही. ‘हरकत नाही’खाली पोटनियमांनी रेघ मारून घेतली आणि शिक्का मागितला. वाटेत दोन झेरॉक्स काढल्या.

संध्याकाळ होती. मुलगी दिवाणावर बसली होती, शेजारी बांधलेली बॅग होती. सकाळी नऊची गाडी होती. बायको, कंपाउंडर आणि गच्चीवरच्या बाई, तिघंही कसल्या ना कसल्या निमित्ताने खोलीत होते. पोटनियम आत आले, साबणाने दोनदा हात धुऊन आले, आणि दिवाणापासून चार पावलांवर थांबले. चष्मा लावला होता. उजव्या हातात मूळ दाखला, डाव्या हातात झेरॉक्स. त्यांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. कंपाउंडरांनी शिक्का बघायला मान पुढे केली. गच्चीवरच्या बाईंनी निरुपद्रवी म्हणजे नक्की काय, असं विचारलं. पोटनियम दुसऱ्या ओळीवर होते.

मुलगी उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“बाबा, कागद खाली ठेवा. हिला धरायला दोन्ही हात लागतात.”

पोटनियमांनी कागद कुठे ठेवावेत हे शोधलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच शिक्क्याचा कागद हातातून सोडून दिला. तो कुठे पडला ते त्यांनी पाहिलं नाही. मुलीने एका हाताने त्यांचा काळा चष्मा काढून घेतला आणि नातीला त्यांच्या हातांत दिलं. ती त्यांना वाटली होती त्यापेक्षा जड होती, आणि गरम. मान कशी धरायची ते त्यांना पंचवीस वर्षांनीही आठवत होतं.

नातीने उजेडाकडे पाहिलं, आईच्या कानातल्याकडे पाहिलं, आणि मग तिची नजर फिरत फिरत वर आली आणि त्यांच्या उजव्या डोळ्यावर थांबली. लालभडक, पिवळट कडांचा, साऱ्या घराने दहा दिवस धसका घेतलेला तो डोळा तिला अतिशय आवडला. ती पापणी न हलवता त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मूठ वर नेली. बायको म्हणाली, अहो, डोळ्याला हात लागेल तिचा, मान मागे घ्या. पण पोटनियमांनी मान मागे घेतली नाही. तिला नीट दिसावं म्हणून त्यांनी तो डोळा जमेल तेवढा मोठा उघडून धरला.